नारिंगी शेपटी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली आमची एक विद्यार्थिनी लॅब मीटिंगच्या स्लाइड्स करत माझ्या शेजारी बसली होती. तिच्या प्रोटीनची अल्फाफोल्ड या संगणक-प्रोग्रॅमने वर्तवलेली रचना पडद्यावर होती. मधला भाग गडद निळा, घट्ट, वळणावळणांचा. आणि त्यातून बाहेर पडून चौकटभर भरकटत गेलेली लांबलचक नारिंगी शेपटी. तिने माउसने ती शेपटी निवडली, लपवली, उरलेला निळा भाग मोठा करून मधोमध आणला, जरासा फिरवला, सावली दिली. "मॅम, आता छान दिसतंय ना?" छान दिसत होतं, यात वादच नाही. शिवाय तिने जगावेगळं काही केलं नव्हतं. छापून आलेल्या कितीतरी आकृत्यांखाली बारीक टाइपात लिहिलेलं असतं की अमुक क्रमांकापासूनची अमिनो आम्लं स्पष्टतेसाठी दाखवलेली नाहीत. तरी ती शेपटी दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. प्रोटीनचा जवळजवळ तिसरा हिस्सा होता तो. पेशी तो हिस्सा बनवते, एकेक अमिनो आम्ल जोडायला किमान चार उच्च-ऊर्जा फॉस्फेट बंध खर्ची घालते, कोट्यवधी वर्षं तो जपून ठेवते. आणि आपल्याकडून तो एका क्लिकसरशी नाहीसा होतो.

या रंगांचा अर्थ आमच्या कामातल्या प्रत्येकाला पाठ असतो. अल्फाफोल्ड प्रत्येक अमिनो आम्लाच्या जागेबद्दल आपली खात्री किती, याचे शंभरपैकी गुण देतो. 90च्या वर गडद निळा, 70 ते 90 फिकट निळा, 50 ते 70 पिवळा आणि 50च्या खाली नारिंगी. त्यामुळे नारिंगी भागाचं जे वळण पडद्यावर दिसतं त्याला तसा काही अर्थ नसतो. कुठेतरी काढायचं म्हणून ते काढलेलं असतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चित्र बंद केलं आणि नुसता सीक्वेन्स, म्हणजे एकेका अमिनो आम्लाला एक अक्षर देऊन लिहिलेला क्रम, उघडला. मला अजूनही प्रोटीन आधी अक्षरांतच ओळखू येतं. निळ्या भागाची अक्षरं वाचताना एक ताल लागतो: पाणी टाळणारी ल्युसिन, व्हॅलिन, आयसोल्युसिन दर तीन-चार घरांनी येत राहतात, कारण साखळीची घडी पडल्यावर ती आत तोंड करून एकमेकांना चिकटून बसणार असतात. शेपटी सुरू झाली की तो ताल मोडतो. सेरिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, लायसिन, पुन्हा सेरिन, पुन्हा प्रोलिन, मध्येच ग्लायसिन. सगळी पाण्यात रमणारी नाहीतर घडीला नकार देणारी मंडळी. ट्रिप्टोफॅन एकही नाही. पण साधारण मध्यावर, एवढ्याशा जागेत, दोन ल्युसिन आणि एक फिनाइलअ‍ॅलनिन दाटीवाटीने बसलेली. सगळ्या शेपटीत तेवढीच जागा वेगळी. मी बराच वेळ तिथेच अडकून पडले.

ही एका अमिनो आम्लाला एक अक्षर देणारी पद्धत मार्गारेट डेहॉफ यांनी रूढ केली. त्या काळी माहिती पंच कार्डांवर भरावी लागे, तीन अक्षरांऐवजी एक वापरलं की कार्डं वाचत. त्यांनी 1965 साली प्रोटीनच्या सीक्वेन्सचा पहिला मोठा संग्रह पुस्तकरूपाने काढला, त्यात 65 प्रोटीनं होती. जगात तोवर वाचली गेलेली प्रोटीनं एका पुस्तकात मावत होती, आणि त्यातल्या एकेकामागे कुणाची तरी वर्षं गेलेली होती. फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनची 51 अमिनो आम्लं क्रमाने लावायला जवळजवळ दहा वर्षं घेतली. प्रोटीनचे तुकडे करायचे, ते कागदावर वेगळे करायचे, एकमेकांवर चढणारी टोकं शोधून साखळी जुळवायची. हे वाचताना मला सँगर यांच्या बुद्धीपेक्षा त्यांच्या स्वस्थपणाचं अप्रूप वाटतं. प्रोटीनला ठरलेला क्रम असतो, ही गोष्टच तेव्हा सर्वमान्य नव्हती. जी गोष्ट आहे की नाही याचीच खात्री नाही, तिच्यामागे माणूस रोज सकाळी उठून प्रयोगशाळेत जातो.

मग अक्षरं वाढत गेली आणि ती चाळायला यंत्र लागलं. रसेल डूलिटल यांची 1983 सालची गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगते. स्वतः जमवलेल्या सीक्वेन्सच्या संग्रहात त्यांनी रक्तातल्या प्लेटलेटमधून येणाऱ्या, पेशींना वाढायला लावणाऱ्या एका प्रोटीनची अक्षरं शोधायला टाकली आणि ती माकडाला कर्करोग देणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी जुळली. विषाणूने वाढीचा संदेशच उचलून नेला होता. कर्करोगाबद्दलचा एवढा मोठा धागा संगणकावर दोन ओळी एकाखाली एक ठेवून हाती आला. 1990 साली ब्लास्ट हा प्रोग्रॅम आला आणि असा शोध घेणं कुणालाही मिनिटांचं काम झालं. मी विद्यार्थिनी असताना नवीन जनुक हाती आलं की पहिला हात ब्लास्टकडेच जायचा. पडद्यावर जुळणीच्या ओळी उलगडत जायच्या आणि मधूनच एक विचित्र पट्टा दिसायचा: एक्स, एक्स, एक्स, एक्स, ओळीने. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं सीक्वेन्सच खराब आलाय. नंतर कळलं की तीच-तीच अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे भाग ब्लास्ट आधीच झाकून टाकायचा, कारण असे भाग कशाशीही जुळतात आणि नातं नसताना नातं दाखवतात. कारण अगदी योग्य होतं. पण झाकले गेले ते बहुतेक हेच, सेरिन-प्रोलिनच्या शेपट्यांचे भाग.

प्रोटीनचे स्फटिक करून रचना पाहणाऱ्यांच्या बाजूलाही तेच. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनवर क्ष-किरण टाकायला 1937 साली सुरुवात केली आणि रेणूचा आकार हाती यायला 1959 उजाडलं. जॉन केंड्रू यांना त्याच्याहून लहान असलेलं मायोग्लोबिन 1958 साली पहिल्यांदा ढोबळ दिसलं आणि दोन वर्षांनी बारकाव्यांसह. त्यासाठीचे हिशेब केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर झाले. म्हणजे प्रोटीनची पहिली रचना दिसली तीसुद्धा परीक्षानळी आणि संगणक यांच्या एकत्र कामातूनच. आज आपण "ड्राय लॅब" आणि "वेट लॅब" अशी जी भिंत घालतो ती नंतरची. पण स्फटिकातून फक्त स्थिर असलेलं दिसतं. लाखो रेणू एकाच पवित्र्यात उभे असले तरच क्ष-किरणांतून चित्र उमटतं. जो भाग प्रत्येक रेणूत वेगळीकडे गेलाय त्याच्या जागी काहीच उमटत नाही. फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळात प्लेट मिनिटन्‌मिनिटं उघडी ठेवावी लागायची. अशा फोटोत गजबजलेला रस्ताही निर्मनुष्य दिसतो. इमारती उमटतात, चालती माणसं उमटत नाहीत. स्फटिकातल्या प्रोटीनच्या शेपटीचं असंच होतं. क्ष-किरणांतून मिळणाऱ्या नकाशात साखळी एका अमिनो आम्लापाशी येते आणि संपते, आणि तिथून पुढे नुसता गोंगाट.

तो नकाशा उमटायच्याही आधी एक काम असायचं. मी ते हाताने केलंय. तेव्हा आम्ही स्फटिकासाठी काचेच्या गोल चकतीवर प्रोटीनचा थेंब ठेवायचो, चकती पालथी करून खालच्या द्रावणावर बसवायचो, कडेला ग्रीसने हवाबंद करायचो. ट्रेच्या ट्रे असे भरायचे आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक थेंब बघत बसायचं. बहुतेक थेंबांत तपकिरी गाळ. काहींत काहीच नाही. क्वचित कुठेतरी कड असलेलं, प्रकाशात चमकणारं काहीतरी, आणि मग बारीक सुईने त्याला टोचून बघायचं: कडक आवाज करत फुटलं तर मीठ, मऊपणे भुगा झाला तर प्रोटीन. त्या टोचण्याआधीच्या क्षणाला छातीत काय व्हायचं ते अजून आठवतं. आणि स्फटिक येत नसले की सर सांगायचे ते ठरलेलं: "शेपटी काढून टाका." ढिली टोकं रेणूंना एकमेकांशेजारी नीट रचू देत नाहीत, हे खरंच आहे. मग आम्ही जनुकच आखूड करायचो. दहा अमिनो आम्लं काढून एक, वीस काढून एक, चाळीस काढून एक, असे निरनिराळे अवतार बनवायचे आणि ज्याचा स्फटिक होईल तो पुढे न्यायचा. पहिल्यांदा माझा एक आखूड केलेला अवतार नीट स्फटिकला तेव्हा मी आनंदाने नाचायची बाकी होते. काढलेल्या तुकड्याचा विचार तेव्हा मनात आल्याचं आठवत नाही, आणि त्यात गैरही नव्हतं. प्रश्नच वेगळा होता.

माझ्या विद्यार्थिनीच्या हातातली कात्री फार जुनी आहे.

जगभरच्या प्रोटीनच्या रचना एका ठिकाणी ठेवणारा प्रोटीन डेटा बँक नावाचा संग्रह 1971 साली सुरू झाला तेव्हा त्यात सात रचना होत्या. अल्फाफोल्ड ज्यांच्यावर शिकला त्या रचना साधारण 1,70,000 होत्या. मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत कुणी ना कुणी थंड खोलीत स्वेटर घालून प्रोटीन शुद्ध करत उभं होतं, कॉलममधून थेंब पडताना मोजत होतं, रात्री-अपरात्री उठून यंत्रावर आपल्या पाळीच्या वेळेला स्फटिक लावत होतं. 2020 सालच्या कॅस्प स्पर्धेत अल्फाफोल्डने जे करून दाखवलं ते बघून मी हरखून गेले होते आणि आजही ते कौतुक ओसरलेलं नाही. ही स्पर्धा 1994पासून दर दोन वर्षांनी होते: रचना माहीत असलेली पण अजून प्रसिद्ध न झालेली प्रोटीनं द्यायची, फक्त अक्षरांवरून घडी ओळखायला सांगायचं. ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज हे 124 अमिनो आम्लांचं प्रोटीन पूर्ण उलगडून पुन्हा आपोआप घडी घालताना पाहिलं होतं. घडीची सगळी माहिती क्रमातच असते हे तेव्हाच कळलं होतं. जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली साखळीच्या दोन कोनांची कुठली जोडी अणूंना एकमेकांवर न आदळता शक्य आहे याचा नकाशा काढला होता. आजही कुठलीही नवी रचना आली की ती खरी वाटते का हे आम्ही आधी त्याच नकाशावर ताडून बघतो. अक्षरांवरून घडी, हे इतक्या लोकांचं इतक्या वर्षांचं स्वप्न होतं, आणि ते खरं झालं. पण शिकवणी झाली ती आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आखूड करून, स्थिर करून, स्फटिकवून ठेवलेल्या रेणूंवर. 2021 साली मानवाच्या जवळजवळ सगळ्या प्रोटीनच्या रचना एकदम प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यातल्या 58 टक्के अमिनो आम्लांच्या जागेबद्दल अल्फाफोल्डला खात्री होती, 36 टक्क्यांबद्दल फार खात्री. बातम्यांमध्ये निळे चेंडू आले. उरलेले 42 टक्के बहुतेकांनी पाहिलेच नाहीत.

आणि हे 42 टक्के म्हणजे अडगळ नव्हे, हे माहीत असायला आपल्याला अल्फाफोल्डची वाट पाहायची गरज नव्हती. पीटर राइट आणि जेन डायसन यांनी 1999 सालीच ठामपणे मांडलं होतं की कित्येक प्रोटीनं घडी न घालताच आपलं काम करतात, तेव्हा रचना आधी आणि काम नंतर हा आपला समजच पुन्हा तपासायला हवा. ते दोघं एनएमआर करणारे. द्रावणात मोकळे फिरणारे रेणू बघणारी ही पद्धत असल्यामुळे हलणाऱ्या भागांना ती हाकलून देत नाही. घडी असलेल्या प्रोटीनचा एनएमआर नकाशा पाहावा: ठिपके सगळ्या कागदभर विखुरलेले, प्रत्येकाची आपापली जागा. घडी नसलेल्या प्रोटीनचा पाहावा: सगळे ठिपके मधल्या एका अरुंद पट्ट्यात एकमेकांवर चढून बसलेले. पहिल्यांदा असा नकाशा बघणाऱ्याला वाटतं नमुना बिघडला. बरेच जण तो टाकूनही देत असत.

पी53चं उदाहरण घ्या. कर्करोग रोखणाऱ्या या प्रोटीनवर जेवढं काम झालंय तेवढं क्वचितच कशावर झालं असेल. ते 1979 साली सापडलं, आणि प्रोटीनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ज्या जागी त्याचा पट्टा दिसला त्यावरून त्याचं वजन 53 किलोडाल्टन धरलं गेलं. प्रत्यक्षात ते 44च्याही खालीच आहे. जेलमध्ये ते हळू धावलं, कारण त्याच्यात प्रोलिनने भरलेला एक ढिला भाग आहे. याच पी53च्या सुरुवातीच्या टोकाला घडी नाही. 1996 साली त्या टोकाचा एक तुकडा एमडीएम2 या दुसऱ्या प्रोटीनला धरून बसलेला स्फटिकात दिसला: एकटं असताना मोकळं फिरणारं ते टोक जोडीदार भेटताच छोटंसं हेलिक्स, म्हणजे मळसूत्रासारखी गुंडाळी, बनून खोबणीत शिरलं होतं आणि त्याची तीन अमिनो आम्लं, 19व्या जागेचं फिनाइलअ‍ॅलनिन, 23व्या जागेचं ट्रिप्टोफॅन आणि 26व्या जागेचं ल्युसिन, त्या खोबणीत रुतून बसली होती. एमडीएम2 हे पी53चा नाश घडवून आणतं, तेव्हा हे बसणं म्हणजे साधी ओळखदेख नव्हे. 2004 साली त्या तिघांची जागा अडवणारे नटलिन नावाचे छोटे रेणू तयार झाले. औषधाची कल्पना कुठून आली? ज्या भागाचं एकट्याने चित्रच काढता येत नाही अशा भागातून. माझ्या विद्यार्थिनीच्या शेपटीतली ती ल्युसिन-फिनाइलअ‍ॅलनिनची दाटी मला स्वस्थ बसू देत नव्हती ती यामुळे.

मेंदूच्या आजारांत हीच मंडळी आहेत. पार्किन्सनमध्ये गोळा होणारं अल्फा-सायन्यूक्लिन 140 अमिनो आम्लांचं आणि द्रावणात एकटं असताना घडी नसलेलं. अल्झायमरमधलं टाऊ तसंच. टाऊ शुद्ध करण्याची एक जुनी रीत आहे आणि ती करताना मला दरवेळी नवल वाटतं. पेशी फोडून आलेलं द्रावण सरळ उकळायचं. काही मिनिटांत घडी असलेली जवळजवळ सगळी प्रोटीनं उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि नळीत पांढरा दाट गाळ होतो, खोलीभर उग्र वास सुटतो. सेंट्रिफ्यूज केलं की गाळ तळाशी आणि वर स्वच्छ पाणी; टाऊ त्या पाण्यात मजेत. उलगडायला त्याच्याकडे घडीच नव्हती, मग उष्णता त्याचं काय बिघडवणार? अनेक वर्षं आपण ज्याला बिघडणं म्हणत आलो त्या अवस्थेतच हे प्रोटीन जन्माला येतं आणि कामाला लागतं.

पण म्हणून नारिंगी दिसलं की "घडी नाही" असं लिहून टाकणंही मला पटत नाही, आणि हल्ली तेही सर्रास होतं. नारिंगी रंगामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. तो भाग खरोखरच ढिला असेल. किंवा त्याला घडी असेल, पण ओळखता आली नसेल: अल्फाफोल्ड त्याच प्रोटीनचे निरनिराळ्या जीवांमधले भाऊबंद एकाखाली एक मांडतो आणि कुठली अक्षरं जोडीने बदलतात ते बघतो, भाऊबंदच सापडले नाहीत तर त्याच्या हाताशी काहीच उरत नाही. किंवा तिसरी शक्यता, जोडीदार भेटल्यावरच घडी पडत असेल, आणि पडद्यावर जोडीदार नव्हता. उलटही होतं. अल्फा-सायन्यूक्लिनची वर्तवलेली रचना पाहिली तर लांब हेलिक्स दिसतं. पेशीच्या पडद्याला चिकटल्यावर ते तसं होतंही. पण द्रावणात एकटं असताना त्याला घडी नाही, आणि चित्रात ही दुसरी बाजू कुठेच नाही. तेव्हा रंगांवरून निष्कर्ष काढायचे नाहीत, रंगांवरून प्रयोग ठरवायचे, असं मला कळकळीने वाटतं. आकृतीपुरतं म्हणाल तर निदान एक तुटक रेषा तरी ठेवावी आणि तिच्याशेजारी लांबी लिहावी. पाहणाऱ्याला कळू दे की इथे काहीतरी आहे आणि ते किती मोठं आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच विचारलं की शेपटी ढिली आहे हे आपल्याला कशावरून माहीत आहे. "मॅम, अल्फाफोल्डवर नारिंगी आहे, आणि डिसऑर्डर सांगणारे प्रोग्रॅमही तेच म्हणतात." अगं, पण ते सगळे एकमेकांचेच नातेवाईक, एकाच प्रकारच्या माहितीवर वाढलेले. नळीतल्या प्रोटीनला कुणी विचारलंय का? मग आम्ही ट्रिप्सिन काढलं.

ही पद्धत इतकी साधी आहे की नव्या मुलांना ती सांगायला संकोच वाटावा. ट्रिप्सिन हे लायसिन किंवा आर्जिनिनच्या पुढे साखळी कापणारं एन्झाइम. प्रोटीनच्या हजाराव्या हिस्स्याइतकं घालायचं, नळी बर्फात ठेवायची, ठरावीक मिनिटांनी थोडा नमुना काढून जेलच्या रंगीत द्रावणात उकळायचा म्हणजे कापणं थांबतं. घट्ट घडीतली लायसिन एन्झाइमच्या तोंडात सहजी जात नाहीत. ढिला भाग मात्र पहिल्या झटक्यात जातो. रॉडनी पोर्टर यांनी 1959 साली पपेन नावाच्या अशाच एका एन्झाइमने अँटिबॉडीचे तीन तुकडे केले. ते नेमके तीनच झाले, कारण पपेनने अँटिबॉडीला तिच्या लवचीक सांध्यापाशी कापलं. तिचा वायच्या आकाराचा देह पुढे समजला तो या कापण्याचा आधार घेऊन.

ती घड्याळ लावून बसली. एक मिनिट, पाच, पंधरा, तीस, साठ. दोन ओळी चालवल्या: एकीत तिचं प्रोटीन एकटं, दुसरीत ज्याला ते धरतं तो त्याचा जोडीदार सोबत. जेल संपवून रंगात टाकलं, रंग धुवायला घेतला. अ‍ॅसिटिक आम्लाचा तो नाकात जाणारा वास, आणि हळूहळू निळ्या पार्श्वभूमीतून वर येणारे पट्टे. लाइटबॉक्सवर जेल ठेवलं तेव्हा पहिल्या ओळीत वाद उरला नव्हता. पूर्ण लांबीचा पट्टा पाच मिनिटांच्या लेनमध्येच फिका झालेला, पंधराव्या मिनिटाला जवळजवळ नाहीसा, आणि खाली, अल्फाफोल्डच्या गडद निळ्या भागाच्या वजनापाशी, एक जाड पट्टा साठ मिनिटांपर्यंत न हलता उभा. संगणकाचं म्हणणं बरोबर होतं. शेपटी एकटी असताना ढिलीच आहे. दुसऱ्या ओळीत मात्र वर आणि खालच्या पट्ट्यांच्या मध्ये आणखी एक पट्टा होता. फिका, पण पंधराव्या मिनिटाला होता, तिसाव्यालाही होता. जोडीदार सोबत असताना अर्धी शेपटी ट्रिप्सिनपासून वाचत होती.

इथे घाई करून चालत नाही. जोडीदार स्वतःही प्रोटीनच आहे. ट्रिप्सिन त्याला कापण्यात गुंतलं आणि म्हणून शेपटीकडे उशिरा वळलं, असंही असू शकतं. तिने न सांगता तिसरी ओळ लावायचं ठरवलं: जोडीदाराऐवजी तेवढंच अल्ब्युमिन, ज्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. मधला पट्टा आला नाही. मग तिने आधीच्या जेलमधला तो मधला पट्टा ब्लेडने कापून घेतला आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीला दिला. नेमकं कुठल्या लायसिनपाशी कापणं थांबलं ते वजनावरून कळलं, आणि ती जागा ल्युसिन-फिनाइलअ‍ॅलनिनच्या त्या दाटीच्या जरा पुढे आहे.

आता आमच्या दोघींत मतभेद आहे. तिला वाटतं की शेपटीचा तो भाग पी53सारखा जोडीदाराच्या खोबणीत जाऊन हेलिक्स होतो. जोडीदारासकट पुन्हा अल्फाफोल्ड चालवल्यावर तिथे फिकट निळा तुकडा दिसतो, हा तिचा आधार, आणि तो हलका नाही. मला वाटतं की धरूनही तो ढिलाच राहत असेल. 2018 साली प्रोथायमोसिन-अल्फा आणि हिस्टोन एच1 ही दोन प्रोटीनं विरुद्ध भारांच्या ओढीने एकमेकांना विलक्षण घट्ट धरतात आणि तरीही दोन्ही मोकळीच राहतात, असं दाखवलं गेलं. तिच्या प्रोटीनची शेपटी जिथे वाचते तिथे ऋणभाराची अमिनो आम्लं रांगेने आहेत आणि जोडीदाराच्या त्या बाजूला धनभार. एनएमआरवर याचा निकाल लागेल: जोडीदार घातल्यावर मधल्या पट्ट्यातले ठिपके बाहेर विखुरले तर तिचं खरं, जागच्या जागी थोडेसे सरकून गर्दीतच राहिले तर माझं. त्यासाठी नायट्रोजन-15 असलेल्या माध्यमात बॅक्टेरिया वाढवून प्रोटीन पुन्हा बनवावं लागेल. त्या माध्यमात ते फार सावकाश वाढतात, आणि शेपटी बॅक्टेरियाच्याच एन्झाइमांनी कापली जाऊ नये म्हणून सगळं थंडीत आणि झटपट उरकावं लागणार आहे. तिने थंड खोलीतला कॉलम आजच धुवायला लावलाय.